बोला, काय काम काढलं?

माझी सून आधी माझी विद्यार्थिनी होती. सोनाळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका खेड्यातल्या शाळेत मी तिला सहावी आणि सातवी अशी दोन वर्षे मराठी शिकवले. तेव्हा ती मला बाई म्हणत असे. पुढे लग्न होऊन ती नांदुऱ्याला आमच्या घरात आली आणि आई म्हणू लागली. मात्र काही तपासून घ्यायचे असले, मग ते वरणाचे मीठ असो की बँकेचा अर्ज, तर अजूनही तिच्या तोंडून "बाई" निघून जाते. ती जीभ चावते, आणि बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणारे माझे यजमान तिथूनच म्हणतात, "हजेरी लाव तिची, मास्तरीनबाई."

त्या वर्षी श्रावणातल्या एका दुपारी ती फोन हातात घेऊन माझ्यापाशी आली.

"बाई, मॅडमनं पाह्यलं, पन उत्तर नाही देल्लं."

या वेळी तिने जीभ चावली नाही. बाहेरूनही कोणी बोलले नाही. गोष्ट कोणत्या कामाची आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

ते काम आधी सांगते. माझ्या सुनेने नागपूरच्या एका प्रयोगशाळेत चार वर्षे कापूस तपासण्याचे काम केले होते. कापसाच्या तंतूची लांबी, ताकद आणि बारीकपणा मोजणारे एक यंत्र असते, त्यावर तिचा हात बसलेला होता. नात झाली तेव्हा तिने ती नोकरी सोडली. माझ्या मुलालाही त्याच सुमारास इकडे कनिष्ठ महाविद्यालयात जागा मिळाली आणि ती दोघे नांदुऱ्याला राहायला आली. आता नात तीन वर्षांची होऊन अंगणवाडीत जाऊ लागली होती, आणि नागपूरच्या प्रयोगशाळेने सुनेला परत बोलावले होते. जागा कायमची होती. फक्त पोळ्यापर्यंत होय की नाही ते कळवायचे होते. होय म्हटले असते तर ती नागपूरला महिलांच्या वसतिगृहात राहिली असती आणि नात आमच्याजवळ. आईची आणि लेकीची भेट पंधरा दिवसांतून एकदा.

याच सुमारास कळले की एक संस्था मलकापूरला कापूस तपासणीचे छोटे केंद्र सुरू करते आहे. दसऱ्यानंतर नवा कापूस बाजारात येऊ लागतो, त्याच्या आत केंद्र उभे राहायचे होते. मलकापूर म्हणजे आमच्यापासून रेल्वेने अर्धा तास. सकाळी गेलेले माणूस लेकराच्या रात्रीच्या जेवणाला घरी. आणि त्या केंद्राची उभारणी ज्यांच्याकडे होती, त्या बाईंनी नागपूरला असताना माझ्या सुनेला दोन आठवडे प्रशिक्षण दिले होते. ती त्यांना मॅडम म्हणे. त्यांचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता, पण लोक आपापल्या कामाची ओळख जिथे मांडतात आणि कामाच्या ओळखी वाढवतात, अशा एका संकेतस्थळावर मॅडम तिला सापडल्या. तिथे निरोप पाठवता येतो, आणि समोरच्याने तो पाहिला की पाहिल्याची खूण दिसते.

पोळ्याला एकवीस दिवस होते.

"काय लिहिलं होतंस, दाखव," मी म्हणाले.

तिने फोन माझ्यापुढे धरला. पहिला निरोप होता, "नमस्कार मॅडम, मी आपली प्रशिक्षणातली विद्यार्थिनी. आपण कशा आहात?" त्याला दुसऱ्याच दिवशी उत्तर आले होते, "अरे वा, नमस्कार! मी छान. तू कशी आहेस?" त्यावर हिने लिहिले होते, "मी ठीक आहे. सध्या नांदुऱ्याला असते. आपल्याकडे पाऊसपाणी कसे आहे?" मॅडमनी एक अंगठा पाठवला होता. त्यानंतर तीन दिवस थांबून हिने लिहिले होते, "मॅडम, आपल्याला सवड असेल तेव्हा सांगा." हा निरोप पाहिल्याची खूण होती. उत्तर नव्हते.

मी तिन्ही निरोप पुन्हा वाचले. शुद्धलेखन निर्दोष होते. विरामचिन्हे जागच्या जागी होती.

"यात काम कुठं आहे?" मी विचारले.

"त्यायनं इचारलं की सांगीन ना," ती म्हणाली.

आमच्या भागात कोणी कोणाकडे काम घेऊन गेला तर तो ते दारात सांगत नाही. आधी पाणी येते. मग पाऊस, कपाशी, घरच्यांच्या तब्येती, कोणाच्या मुलीचे कुठे जमले. मग चहा. चहा पिऊन कपबशी खाली ठेवली की घरधनी म्हणतो, "बोला, काय काम काढलं?" या प्रश्नाने पाहुण्याला परवानगी मिळते. ती मिळायच्या आत जो आपले गाऱ्हाणे मांडतो, त्याच्याबद्दल तो गेल्यावर म्हणतात, आल्या आल्या काम सांगितलं. म्हणणाऱ्याचा सूर चांगला नसतो.

मी ही रीत मोडलेली एकदा पाहिली आहे, आणि मोडणारी मीच होते. नोकरीला लागून मला दोन वर्षे झाली होती. एका संध्याकाळी एका मुलीचे वडील माझ्या खोलीवर आले. मी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. त्यांना पाणी दिले, चहा केला, तुरीचे विचारले. ते बोलत होते, मी ऐकत होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून गठ्ठ्याकडे पाहत होते. तासाभराने ते उठले, नमस्कार करून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधी ते पुन्हा हजर. मुलीच्या दाखल्यावर सही हवी होती, आणि पुढच्या शाळेत तो नेऊन देण्याची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सांभाळून घेतले म्हणून मुलीचे वर्ष वाचले.

"दादा, काल काऊन नाही बोलले?" मी कळवळून विचारले.

"तुमी इचारलंच नाही ना, बाई," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. ते फक्त झाले ते सांगत होते.

माझी सून त्याच गावांकडची. तिने मॅडमच्या दारात पाय ठेवला होता, पाणी घेतले होते, पाऊस विचारला होता, आणि आता ती "काय काम काढलं" ची वाट पाहत बसली होती. पलीकडे मॅडमना ती बसली आहे हेच दिसत नव्हते. त्यांच्या लेखी एका जुन्या मुलीने आठवण काढली आणि ती गेलीसुद्धा.

दोष एकट्या रीतीचा नव्हता. सातवीच्या वर्गात पत्रलेखन मीच शिकवले होते. आधी मायना, मग क्षेमकुशल, मग मजकूर. क्षेमकुशलावाचून मजकुरावर उडी मारणाऱ्यांचे गुण मी कापत असे. हिचे कधी कापावे लागले नव्हते.

मी तिला समजावले की दुसरे पत्र वेगळ्या जातीचे असते. त्या बाबतीत माझा अभ्यास दांडगा होता. शाळेचा एक वर्ग पावसाळ्यात गळत असे, आणि त्या छपरासाठी मी वरच्या कार्यालयाला एकामागून एक स्मरणपत्रे लिहिली होती. सहावे स्मरणपत्र गेल्यावर छप्पर आले. त्या फाईलवर मी स्वतः दोरा बांधला आहे. तेव्हा माझ्या मनात शंका नव्हती. मी वही घेतली, समास आखला आणि लिहायला बसले.

"विषय : मलकापूर येथील नियोजित केंद्रात सेवेची संधी मिळणेबाबत. संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन निरोप. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, संदर्भीय निरोपांपैकी अंतिम निरोपाचे उत्तर अद्याप अप्राप्त आहे." पुढे शिक्षण, अनुभव, विनंती. सर्वांत वर, मधोमध, अधोरेखित : स्मरणपत्र क्रमांक १.

यजमानांनी चष्मा सारून वहीत पाहिले. त्यांनी उभा जन्म धान्याच्या आडतीत काढला. त्यांचा सगळा पत्रव्यवहार फोनवर आणि मोठ्या आवाजात.

"हे मॅडमले हाय का तहसीलदाराले?"

"काम सांगायची रीत असते, अहो."

"मंग खाली जावक क्रमांक टाक. अन् प्रत माहितीस्तव मले दे."

सुनेने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "आई, हे जरा जास्त तर नाही होऊन राह्यलं?"

"नेमकं आहे," मी म्हणाले. "नेमकेपणाचा कोणाला राग येत नाही."

तिने ते जसेच्या तसे टंकून पाठवले. विद्यार्थिनीने बाईंचे ऐकले.

उत्तर दोन तासांत आले. इतक्या लवकर आले म्हणून आम्ही हरखून फोन उघडला. "नमस्कार. अशा स्वरूपाचा पत्रव्यवहार कृपया मुख्य कार्यालयाकडे करावा." खाली मुख्य कार्यालयाचा पत्ता होता. "अरे वा" नव्हते. "तू" नव्हते. आदल्या आठवड्यात जी बाई हिला तू म्हणत होती, ती आता करावा म्हणत होती.

 सुनेने फोन पालथा ठेवला आणि नातीला आणायला अंगणवाडीत निघून गेली. मी वही मिटली. सरकारी कागद सरकारी कागदाशी कसा बोलतो हे मला माहीत होते. एका ओळखीच्या माणसाला तसा कागद मिळाला की त्याला काय वाटते, याचा मी विचारच केला नव्हता. छपराच्या फाईलमध्ये पलीकडे कोणी माणूस नव्हताच. एक टेबल होते, आणि टेबलाला राग येत नाही.

सांगितल्याप्रमाणे सुनेने मुख्य कार्यालयाकडे रीतसर अर्ज पाठवला. अर्ज मिळाल्याची पोच आपोआप आली. त्यापुढे काही नाही. पोळा जवळ येत होता. एकदा मी तिला नागपूरच्या वसतिगृहात फोन करून खोलीची चौकशी करताना ऐकले. खिडकी कोणत्या बाजूला आहे असे ती विचारत होती. नात तिच्या पायाशी बसून डब्यांची झाकणे एकमेकांवर रचत होती.

पोळ्याला नऊ दिवस राहिले तेव्हा मी सकाळची कामे आटोपून स्वयंपाकघरात चहा ठेवला. चटई टाकली आणि सुनेला समोर बसवले. तिला आधी पाणी दिले. ती चक्रावून माझ्याकडे पाहत होती.

"पाऊस कसा आहे सोनाळ्याकडे?" मी विचारले.

"आई, काय चाललं तुमचं?"

"सांग तर."

"बरा हाय. बाबा म्हनत होते, कपाशी कंबरेइतकी झाली."

"घरी सगळे बरे?"

"हाव."

चहा दिला. तिने तो प्यायला आणि कप खाली ठेवला. मग मी म्हणाले, "बोला, काय काम काढलं?"

तिला तेव्हा कळले. ती हसली, मग तिचा चेहरा बदलला आणि ती एका दमात बोलली.

"मॅडम, मलकापूरले तुमचं सेंटर सुरू होऊन राह्यलं. मले तिथं काम पाह्यजे. तुमी शिकवलेल्या मशीनवर मी चार वर्षं काम केलं. नमुना कसा ठेवायचा, मशीन रोज कशी तपासून घ्यायची, सगळं येते मले. मी नांदुऱ्याले राह्यते, रोज येऊ शकते. मले घ्यान का? नाही घेतलं तर लेकराले सोडून नागपूरले जा लागते मले."

मी हे सगळे वहीत उतरवून घेतले होते. वही तिच्याकडे वळवून म्हटले, "हे तुझं पत्र. मी यात एकही शब्द घातलेला नाही. फक्त भाषा पुस्तकी कर, म्हणजे मॅडमना वाचताना अडायला नको."

तिने पेन घेतले. शेवटच्या वाक्यापाशी ती थांबली.

"हे ठेवू का, आई? लेकराचं?"

बाहेरून आवाज आला, "ठेव. खरं हाय ते."

"खरं आहे," मी म्हणाले, "पण ते वाचून मॅडमना वाईट वाटेल. वाईट वाटलं की माणूस उत्तर लिहायचं उद्यावर टाकतो. त्यांना हो किंवा नाही म्हणणं सोपं जावं."

 मग तिने ते वाक्य स्वतःच खोडले. मी बाहेरून काय उत्तर येते याची वाट पाहिली. वर्तमानपत्र उलटल्याचा आवाज आला.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती मलाच सुचवायला हवी होती. "माझ्या त्या पत्राबद्दल लिही. क्षमा माग."

"सासू मास्तरीन हाय म्हनून लिव्ह," बाहेरून सल्ला आला. "मॅडम लगेच माफ करतील."

तिने लिहिले, "मागचे पत्र फार सरकारी झाले, त्याबद्दल क्षमा करा." हे वाक्य कुठे घालावे यावर आमची चर्चा झाली. ती शेवटी घालत होती, मी दुसऱ्या जागी घालायला सांगितले. क्षमा शेवटी मागितली की वाचणारा संपूर्ण मजकूर राग धरूनच वाचतो. पहिले वाक्य कामाचे, दुसरे क्षमेचे, मग अनुभव आणि शेवटी एकच प्रश्न : मी भेटायला येऊ का? सगळे मिळून सात ओळी झाल्या. पाऊसपाणी कुठेच नव्हते. सुनेने दोनदा वाचले आणि डोळे मिटून पाठवले.

दुपारी पाहिल्याची खूण आली. त्या दिवशी उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

चौथ्या दिवशी सून म्हणाली, "पुन्हा लिहू का? 'मॅडम, आठवण म्हणून' असं?"

आठवण म्हणून काही लिहू नये असे मला वाटू लागले होते. आपला निरोप समोरच्याला आठवत असतोच. त्याला नसतो तो वेळ, किंवा नसते ते मन. आठवण करून दिली की त्याला आपण अपराधी ठरवतो. मात्र हे मी मोठ्याने बोलले नाही, कारण माझ्या मतांचा अनुभव ताजा होता. मी इतकेच विचारले, "त्यांना नवीन सांगण्यासारखं काही आहे का तुझ्याजवळ?"

तिने विचार केला. "नाही."

"मग नको लिहू."

त्या दुपारी तिने साडी बदलली आणि म्हणाली, "मी मलकापूरले जाऊन येते." कशाला ते सांगितले नाही. मी विचारले नाही. संध्याकाळी ती परतली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत शाळेतली हुशारी होती. उत्तर सापडल्यावर ती बोट वर करायची तेव्हा असायची, ती.

"आई, जागा पाह्यली मी सेंटरची. बाजाराच्या मागं हाय. रखवालदारानं आत जाऊ देल्लं. मशीनसाठी जी खोली ठेवली ना, ते पश्चिमेची हाय. वर पत्रे. चार वाजता भिंतीले हात नाही लावू देत."

"मग?"

मग तिने मला शिकवले. कापूस आणला की लगेच यंत्राला लावत नाहीत. त्याला आधी एका ठरावीक हवेच्या खोलीत मोकळा पसरून ठेवतात, साधारण एक दिवस. खोलीची उष्णता आणि दमटपणा सारखा राहावा लागतो. हवा कोरडी झाली की तंतू कमजोर दिसतो, आणि शेतकऱ्याच्या चांगल्या कापसाला हलका ठरवले जाते. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर हवा हाताबाहेर जाणार. त्या इमारतीत पूर्वेला एक खोली होती, स्लॅबची, सामान ठेवायला दिलेली. दोन्हींची अदलाबदल केली तर प्रश्न मिटत होता.

मी छत्तीस वर्षे शिकवले. विद्यार्थिनीसमोर जमिनीवर बसून ऐकताना जे वाटते ते मला निवृत्तीनंतर कळले.

"हे मॅडमना माहीत असेल?" मी विचारले.

"मॅडमनं जागा कागदावर पाह्यली असंन. दुपारी चार वाजता कागद तापत नाही."

"मग हे नवीन आहे," मी म्हणाले.

तिने चटईवर बसूनच लिहिले. मी वही मागितली नाही. "नमस्कार मॅडम. आज मलकापूरची जागा पाहून आले. यंत्राची खोली पश्चिमेला आहे, वर पत्रे आहेत, दुपारी चारला भिंत तापलेली होती. पूर्वेची सामानाची खोली स्लॅबची आहे आणि तेव्हा थंड होती. दोन्हींचे फोटो जोडले आहेत. माझा प्रश्न तोच आहे. आपण कळवावे." 'कळवावे' च्या जागी मी 'कळवाल का' केले असते. मी गप्प बसले.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आले, मी कोथिंबीर निवडत असताना. "तू स्वतः जाऊन पाहिलंस? नंबर दे तुझा." सुनेने नंबर दिला, आणि पाच मिनिटांत फोन वाजला. तिने घाबरून तो माझ्याशेजारी चटईवर ठेवला आणि आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू येईल.

"अगं, मलकापूरला काम हवंय हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?" मॅडमचा आवाज भरभक्कम होता. "मला वाटलं सहज विचारपूस करतेयस."

सुनेने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाही, मॅडम."

पलीकडे मॅडम मनमोकळ्या हसल्या. "बरं. आणि ते मधलं पत्र? उपरोक्त विषयास अनुसरून?"

"ते... आमच्या घरी पत्रं लिहायची सवय आहे जरा."

मी कोथिंबिरीत मान घातली. बाहेरच्या खोलीत कोणाला तरी खोकल्याची उबळ आली.

मॅडमनी खोलीबद्दल दहा प्रश्न विचारले. सून सरळ उत्तरे देत गेली. तिला जे माहीत नव्हते तिथे माहीत नाही म्हणाली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मुख्य कार्यालयात तुझा अर्ज आहे ना? तो मी मागवून घेते. दसऱ्याच्या आधी दोन आठवडे ये, खोलीची मांडणी आपण दोघी करू. पण एक स्पष्ट सांगते. पहिले तीन महिने तात्पुरते. केंद्र चाललं तर पुढे. त्याची हमी मी आज देऊ शकत नाही."

माझ्या सरकारी पत्राने निदान एक अर्ज योग्य जागी नेऊन ठेवला होता, याची मी मनात नोंद घेतली. बाकी कोणी घेतली नाही.

बघता बघता पोळा परवावर आला. नागपूरला उत्तर द्यायचे होते. तिकडे कायमचे होते, इकडे तीन महिन्यांचे. रात्रीच्या जेवणाच्या आधी सगळे बसले. मुलगा म्हणाला, "तुले जे वाटते ते कर." यजमानांनी आडतीतला विचार मांडला, "नागपूरचं पक्कं हाय, पोरी. हे चाललं तर चाललं. मी काही नाही म्हनत नाही, पन मोजून घे." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. माझ्याकडेही एक मत होते. ते मी तिला आजतागायत सांगितलेले नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळी आजोबा आणि नात ओसरीवर मातीच्या बैलांना रंग देत बसले होते. एका बैलाची शिंगे निळी झाली होती आणि दुसऱ्याची करायची असा हट्ट चालला होता. मी पुरण वाटत होते. सून पुढच्या दारात उभी राहून फोनवर काहीतरी टंकत होती. मग थांबली, नातीकडे पाहिले, पुन्हा टंकू लागली. माझी खात्री झाली की आता ती आत येईल आणि बाई म्हणेल. मी हात धुऊन पदराला पुसले, चष्मा लावला.

ती आत आली आणि फोन फडताळावर ठेवून पुरणाच्या पातेल्याकडे वळली.

"नागपूरला काय लिहिते आहेस?" मी विचारले. "वाचून दाखव एकदा."

"पाठवून झालं, आई," ती म्हणाली. "द्या ते इकडे, मी वाटते. तिघांची गाडी सकाळी सातची धरू का साडेसातची, तेवढं पाहून ठेवा तुमी."

"तिघं कोण?"

"मी, तुमी अन् हे पोट्टी. पह्यल्या दिवशी तरी आईचं सेंटर पाह्यलं पाह्यजे ना तिनं."

मी चष्मा काढला आणि गाड्यांचे वेळापत्रक शोधायला बाहेर गेले.